जुन्या पिकअपचा सांगाडा : बळकटी कोठे द्यावी, कोठे देऊ नये

जुनी अमेरिकन पिकअप गाडी पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्या फुगीर बॉनेटकडे, मग गोलसर मडगार्डकडे आणि शेवटी मागच्या हौद्यातील लाकडी फळ्यांकडे जाते. वाकून गाडीखाली पाहणारा विरळाच. गाडी दुरुस्त करावयास घेणारा हौशी मालकही बहुधा रंग, आसने आणि इंजिन यांचा खर्च आधी मांडतो. ज्या लोखंडी सांगाड्यावर हे सर्व बसलेले असते त्याचा विचार त्याला पुष्कळदा शेवटी सुचतो, आणि तोवर नवा रंग लागलेला असतो. सांगाडा म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘चासी’ म्हणतात तो भाग. त्याला बळकटी देणे आणि त्यात बदल करणे हे अमेरिकेत एक स्वतंत्र कसबच झाले आहे. ते कसब नीट समजून न घेता केलेले काम गाडीला पूर्वीपेक्षा दुबळी करून ठेवते.

पिकअपचा जन्म शोभेसाठी झालेला नाही. फोर्ड कंपनीने १९२५मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ या गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकावयास काढली, तेव्हा तिचे गिऱ्हाईक शेतकरी आणि लहान व्यापारी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका आली आणि पुढच्याच वर्षी फोर्डची ‘एफ’ मालिका. आज ज्यांना अभिजात म्हणून जपले जाते, त्यांतील पुष्कळशा गाड्या या दोन घराण्यांतल्या. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनी गाडीत, म्हणजे ‘३१००’ या नमुन्यात, सुमारे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याची शक्ती ९० अश्वशक्तीच्या आसपास होती. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ११६ इंच. पुढे सरळ दांड्याचा एक्सल, चारही कोपऱ्यांना कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. धान्याची पोती घेऊन कच्च्या रस्त्याने बाजारगाव गाठावयाचे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती आणि ती तिने पुरी केली.

आता त्याच गाडीत मालक तीनशे किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीचे व्ही-आठ इंजिन बसवतो, रुंद टायर चढवतो, पुढे डिस्क ब्रेक घालतो आणि तिला महामार्गावर नेतो. इंजिनाचा जोर तिपटी-चौपटीने वाढला, रुंद टायरांमुळे रस्त्याची पकड वाढली, ब्रेकचा झटका वाढला. या सर्व बलांना शेवटी एकमेकांशी जोडणारा सांगाडा मात्र १९४७चाच राहिला. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

शिडी पिळवटते म्हणजे काय

या गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन लांब तुळया गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांना जोडणाऱ्या चार-पाच आडव्या तुळया शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रिबिटांनी बसवलेल्या असतात. लांब तुळई भरीव किंवा नळीसारखी बंद नसते. पत्रा दाबून तिला पन्हळीचा आकार दिलेला असतो: एक उभी पट्टी, तिच्या वर आणि खाली आतल्या अंगाला वळलेल्या दोन आडव्या पट्ट्या, आणि चौथी बाजू उघडी.

वजनाखाली वाकण्याला हा आकार उत्तम तोंड देतो. तुळई वाकताना तिच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांवर सर्वाधिक ताण येतो, एकीवर दाबाचा तर दुसरीवर ओढीचा; मधली उभी पट्टी त्या दोघींना एकमेकींपासून दूर धरून ठेवते आणि तिच्या मध्यरेषेवर वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो. कमी लोखंडात जास्त भार पेलणारी ही रचना स्वस्त होती आणि तीत चूक काहीच नव्हती. तिचा दुबळेपणा दिसतो तो पिळवटताना, म्हणजे एक चाक खड्ड्यात आणि समोरच्या कोपऱ्यातील चाक उंचवट्यावर गेले की.

अखंड वेळू दोन्ही हातांत धरून पिळून पाहावा. तो दाद देत नाही. तोच वेळू लांबीच्या दिशेने एका बाजूने चिरला की सहज पिळवटतो. लाकूड तेच, वजन तेच. फक्त बंद नळीची उघडी पन्हळ झाली. घरी करून पाहावयाचे असेल तर जाड कागदाची गुंडाळी पुरते. कडा मोकळी असताना ती पिळून पाहावी आणि मग कडेला डिंक लावून, वाळल्यावर पुन्हा पिळावी. लोखंडाचेही असेच आहे. पंधरा सेंटिमीटर उंच, सहा सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाडीच्या पन्हळीची उघडी बाजू त्याच जाडीच्या पट्टीने बंद केली, तर गणिताप्रमाणे त्या एकट्या तुळईचा पिळाला होणारा विरोध आठशे पटींहून अधिक वाढतो. वजन वाढते ते मीटरमागे साडेतीन किलो. अख्ख्या सांगाड्याची ताठरता अर्थातच आठशे पट होत नाही, कारण आडव्या तुळया आणि त्यांचे सांधे पूर्वीइतकेच लवचीक असतात. तरीही एवढ्या थोड्या लोखंडात एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडत नाही. म्हणूनच पन्हळ बंद करणे हा या कामातील पहिला आणि सर्वांत प्रचलित उपाय ठरला आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मूळ आखणी करणाऱ्यांना सांगाडा पिळवटतो हे ठाऊक होते. त्यांना ते काही अंशी हवेच होते. ताठ कमानपाट्यांच्या गाडीत कच्च्या रस्त्यावर चारही चाके जमिनीला टेकून ठेवण्यास सांगाड्याचा पीळ मदत करतो. जुनी पिकअप खडबडीत वाटेने जाताना मागून पाहिली तर केबिन आणि हौदा एकमेकांच्या उलट दिशेने झुलताना दिसतात. दोघांमध्ये ठेवलेली फट शोभेसाठी नव्हती. ज्याला गाडी मूळच्या इंजिनासह, मूळच्या वेगाने चालवावयाची आहे, त्याने ही लवचीकता मोडण्याचे काही कारण नाही. ज्याने इंजिन आणि सस्पेन्शन बदलले, त्याची गोष्ट वेगळी. नव्या पद्धतीचे सस्पेन्शन आपला आधार स्थिर आहे असे गृहीत धरते. आधारच हलू लागला तर चाकांचे कोन कितीही काटेकोर लावले तरी ते वळणावर बदलतात, दारांच्या फटी कमी-जास्त होतात, समोरच्या काचेला तडा जातो, आणि कारण मात्र सापडत नाही.

आधी ओळंबा, मग वेल्डिंग

सत्तर वर्षांच्या सांगाड्याला बळकटी देण्यापूर्वी तो सरळ आहे की नाही हे पाहावे लागते. वाकड्या सांगाड्याच्या पन्हळी बंद केल्या तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो. त्यासाठी लागणारी साधने कोणाही गवंड्याच्या पिशवीत सापडतील: ओळंबा, पाणसळ, दोरी आणि मोजपट्टी. सांगाडा मोकळा करून, पाणसळ लावून सपाट टेकूंवर ठेवतात; दोन्ही तुळयांवरील जुळ्या छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करतात आणि समोरासमोरच्या खुणांचे कर्ण मोजतात. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा काटकोनात आहे. फरक भरला तर एक तुळई दुसरीच्या पुढे सरकली आहे, म्हणजे गाडीने कधीतरी कोपऱ्यावर धडक खाल्ली आहे.

मग तडे शोधावयाचे. ते कोठे असतील याचा अनुभवी कारागिराला अंदाज असतो: स्टिअरिंगची पेटी जेथे बसते तो भाग, कमानपाट्यांच्या टांगण्या, आडव्या तुळयांचे सांधे. रिबीट ढिली झाली की तिच्याभोवती तांबूस भुकटीची रेघ दिसते. सतत घासून निघालेल्या लोखंडाचा तो गंज असतो. अशी रिबीट ग्राइंडरने काढून तिच्या जागी घट्ट बसणारा उच्च प्रतीचा बोल्ट घालण्याची पद्धत आहे. हातोडीने ठोकून पाहणे ही जुनी परीक्षाही अजून उपयोगी पडते: निरोगी पत्रा वाजतो, कुजलेला दबका आवाज करतो. जेथे पत्रा गंजून पातळ झाला आहे तेथे वरून पट्टी ठोकण्यात अर्थ नसतो. कुजके कापून काढावे लागते.

पन्हळ बंद करण्याचे काम वर्णनात सोपे आहे. पुठ्ठ्याचा नमुना कापून तुळईच्या आतल्या बाजूला लावून पाहावयाचा, त्याबरहुकूम साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याचे तुकडे कापावयाचे, ते उघड्या बाजूला बसवून वरच्या-खालच्या कडांना वेल्ड करावयाचे. अडचण येते ती उष्णतेची. वेल्डची रेघ निवताना आकसते आणि आपल्याबरोबर पत्र्याला ओढते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढत नेली तर तीन मीटर लांबीची तुळई धनुष्यासारखी वाकते, आणि मग ती सरळ करण्यात मूळ कामाहून अधिक दिवस जातात. म्हणून आधी ठिकठिकाणी टाके मारतात. नंतर इंचभराची रेघ एका जागी, पुढची दुसऱ्या तुळईवर, तिसरी दूरच्या टोकाला, असे फिरत राहतात. हात लावता येईल इतके लोखंड निवल्याखेरीज त्याच जागी परत येत नाहीत. सांगाड्याला मध्ये तात्पुरते आडवे-तिरपे लोखंडी दांडे लावून तो जखडून ठेवतात आणि अधूनमधून कर्ण पुन्हा मोजतात. हे काम चिकाटीचे आहे. घाई करणाऱ्याचे नाही.

पट्टी नेमकी कोठे बसवावी याविषयी कारागिरांत दोन पंथ आहेत. एक पंथ ती पन्हळीच्या कडेशी समतल बसवतो आणि वेल्ड घासून गुळगुळीत करतो; दिसावयास ती कारखान्यातून आल्यासारखी दिसते. दुसरा ती काही मिलिमीटर आत सरकवतो, कोपऱ्यात वेल्ड भरतो आणि तो घासत नाही. पहिल्या पद्धतीत कडांना आधी उतार दिलेला नसेल तर घासताना जोडाचे बळच घासले जाते. नजरेला कमी सुंदर असला तरी दुसरा मार्ग अधिक भरवशाचा मानावा लागतो.

पन्हळ बंद होण्यापूर्वी आत काय राहणार याचा विचार झालेला असावा. केबिनचे, हौद्याचे, इंजिनाचे बोल्ट ज्या छिद्रांतून जातात त्यांचे नट पुढे बंद पेटीत अडकतात. ते आधीच आतून वेल्ड करून ठेवावे लागतात. बोल्ट पेटीच्या आरपार जाणार असेल तर आत नळीचा तुकडा घालतात. नाही तर आवळताना पेटी चेपते. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा यांची वाट ठरवावी लागते. शिवाय पाणी. उघड्या पन्हळीत शिरलेले पाणी वाहून जाते आणि वाऱ्याने सुकते; बंद पेटीत ते राहते आणि कोणाला न दिसता आतून लोखंड खाते. त्यासाठी खालच्या अंगाला निचऱ्याची छिद्रे ठेवतात आणि काम संपल्यावर लांब नळीने आत मेणयुक्त गंजरोधक फवारतात.

बळकट भागाच्या शेजारचा दुबळा भाग

सर्वाधिक गाड्या बिघडतात त्या बळकटी अपुरी दिल्याने असे नाही. पुष्कळदा ती एकाएकी संपवल्याने बिघडतात. सांगाड्याचा एक तुकडा अतिशय ताठ केला आणि त्याला लागून लगेच मूळची लवचीक पन्हळ सुरू झाली, तर पूर्वी साऱ्या लांबीवर वाटला जाणारा पीळ त्या एका रेषेवर गोळा होतो. काही हजार किलोमीटरनंतर तडा तेथेच जातो. तुळईला आडवा काटकोनात मारलेला वेल्ड यात भर घालतो, कारण वेल्डलगतचा पत्रा उष्णतेने आपले गुण बदलून बसलेला असतो. म्हणून जोडपट्टीची टोके चौकोनी न ठेवता माशाच्या तोंडासारखी किंवा शंकरपाळ्याच्या टोकासारखी निमुळती कापतात. ताण एका रेषेवर न थांबता हळूहळू पुढे सरकतो. तुळईला छिद्र पाडावयाचे तर तेही उभ्या पट्टीच्या मध्याजवळ. वरच्या-खालच्या पट्ट्यांना, जेथे ताण कमाल असतो, ड्रिल लावू नये. मोठ्या मालवाहू ट्रकांच्या तुळया पुष्कळदा उष्णता देऊन कठीण केलेल्या पोलादाच्या असतात. त्यांना हलक्या पिकअपचे हे नियम लागू नाहीत. तेथे वेल्डिंगची आच कारखान्याने दिलेली कठीणता घालवते.

बदलांपैकी पुढच्या चाकांचा बदल सर्वांत लोकप्रिय आहे. मूळचा सरळ एक्सल आणि कमानपाटे काढून तेथे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देणारी आडवी तुळई वेल्ड करतात. तिच्या नमुन्याला ‘मस्टँग टू’ असे नाव पडले आहे. १९७४ ते १९७८ या काळात फोर्डने विकलेली ती छोटी मस्टँग स्वतः फारशी नावाजली गेली नाही. तिचे आटोपशीर पुढचे सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग मात्र जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी असे उचलले, की आज त्या नमुन्याचे भाग अनेक कंपन्या नव्याने बनवतात. ही तुळई बसवताना चाकांची मध्यरेषा काही मिलिमीटर चुकली तरी चाक मडगार्डच्या कमानीत मध्यभागी बसत नाही आणि गाडी जन्मभर एका बाजूस ओढते. कमानपाटे आपला भार तुळईवर दोन दूरच्या ठिकाणी देत होते. नवे सस्पेन्शन तो एकाच जागी देते. त्यामुळे निदान तेवढ्या भागाची पन्हळ बंद केल्यावाचून हा बदल करू नये, असा दंडक आहे.

शेव्हरोलेच्या १९५४पर्यंतच्या गाड्यांत आणखी एक गुंता निघतो. त्यांत मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा बंद नळीत असे आणि चाकांचा रेटा त्या नळीतून पुढे गिअरबॉक्सकडे येई. गिअरबॉक्सला मागून स्वतंत्र आधार नव्हता. नवे इंजिन आणि नवा एक्सल घालणारा ही नळी काढून टाकतो, म्हणजे तिचे कामही काढून टाकतो. मग गिअरबॉक्सखाली नवी आडवी तुळई द्यावी लागते. ती बोल्टने बसवलेली बरी, म्हणजे पुढे गिअरबॉक्स उतरवता येतो.

मागच्या बाजूला गाडी जमिनीलगत आणण्याची हौस असते. गाडी खाली आली की एक्सल वर येऊन तुळईच्या तळाशी आपटतो. तेव्हा तुळईतून खालून अर्धवर्तुळाकार तुकडा कापून काढतात आणि त्या खाचेभोवती मूळ पत्र्याहून जाड पोलादाची चौकट बसवतात. म्हणजे ज्या पट्टीवर ताण सर्वाधिक तीच येथे तोडली जाते. ही चौकट खाचेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब आणि टोकाला निमुळती नसेल, तर हौद्यात पहिल्यांदाच जड माल पडेल तेव्हा तिची परीक्षा होईल. दिखाऊ पिकअपमध्ये पुढे कोणी माल भरत नाही म्हणून पुष्कळ सदोष खाचा उघडकीस येत नाहीत, ही गोष्ट निराळी.

गोव्यातील मालकाने काय लक्षात घ्यावे

अमेरिकेत असे बदल राज्याराज्यांच्या नियमांखाली येतात. काही राज्यांत गाड्यांची नियमित तपासणी होते, काहींत होत नाही. तिकडची मोकळीक पाहून येथील एखादा जुन्या जीपचा किंवा पिकअपचा मालक वेल्डरकडे जाणार असेल, तर त्याने प्रथम मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. उत्पादकाने मूळ तपशिलात जे दिले आहे आणि जे नोंदणीपत्रात उतरले आहे, त्याहून वेगळा बदल मालकाला करता येत नाही, हे या कलमाचे तात्पर्य असून केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. चासीवर कोरलेला क्रमांक हीच गाडीची कायदेशीर ओळख असते. गंजलेला पत्रा कापताना तो क्रमांक गेला, तर नोंदणीपत्र हातात असूनही गाडी ओळखपत्राविना राहते.

दुसरी बाब पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे जी बळकटी अमेरिकेतील बाजारात गाडीची किंमत वाढवते, तीच येथे तिला या नोंदणीतून बाद करू शकते. कुजलेला भाग त्याच मापाने बदलणे, ढिल्या रिबिटा बदलणे, तडा बुजवणे ही दुरुस्ती होय. पन्हळीची पेटी करणे हा फेरफार ठरतो. काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करून ठेवणे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढणे हे त्यामुळे मालकाच्याच हिताचे आहे.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात येथील जुन्या सांगाड्यांचा पहिला शत्रू इंजिनाचा जोर नसून गंज आहे. अशा गाडीसाठी उघडी पन्हळ हेच वरदान म्हणावे लागेल, कारण ती हाताने धुता येते, खरवडता येते आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वी आतून रंगवता येते. मे महिन्यात गाडी टेकूंवर चढवून, तुळयांत साचलेला चिखल काढून, निचऱ्याची मूळ छिद्रे तारेने मोकळी केली, तर दुपारभराचे काम होते.